अर्धं काम घेऊन परिषदेला: भाषाविज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानाच्या परिषदेला जायचं मनात असलेले बहुतेक जण एकाच कारणापायी वर्ष-दोन वर्षं घरी बसतात: "काम अजून पूर्ण कुठे झालंय?" मीही अशीच बसले होते. पूर्ण झालेलं काम नियतकालिकाकडे जातं, परिषदेत लोक अर्धवट कामच घेऊन येतात, हे मला तिथे जाऊन कळलं. डेटा थोडा असला तरी चालतो, उत्तर डळमळीत असलं तरी चालतं. प्रश्न तेवढा स्वच्छ हवा. तेव्हा सुरुवात प्रश्नापासून करू.

प्रश्न लहान करा

"मराठी क्रियापदाचा अभ्यास" या विषयावर आयुष्य जाईल, परिषदेतली वीस मिनिटं नाही. त्याऐवजी एक वाक्य घ्या: "तू चिठ्ठी वाचलीस." यातलं क्रियापद एकाच वेळी दोघांशी जुळवून घेतं. "वाचली"मधला ईकार चिठ्ठीच्या स्त्रीलिंगामुळे आला आहे आणि शेवटचा "स" आला आहे "तू"मुळे. आता जरा कान देऊन ऐका. बरेच जण बोलताना "तू चिठ्ठी वाचली का?" असंही म्हणतात. "स" गळाला. कोण गाळतं? "तू गेलास" अशा अकर्मक वाक्यातही तो तितकाच गळतो, की सकर्मक वाक्यातच जास्त? प्रश्न विचारताना गळतो आणि साध्या विधानात टिकतो, असं काही आहे का?

यातला कुठलाही एक प्रश्न एका माणसाला काही महिन्यांत हाताळता येईल एवढाच आहे. हे उदाहरण मी पुढेही वापरणार आहे. तुम्ही त्याच्या जागी तुमची भाषा आणि तुमचा प्रश्न ठेवून वाचा.

प्रश्न लहान झाला की तो कोणाला विचारायचा हे ठरवावं लागतं, कारण हा एकच "स" चार तऱ्हेच्या माणसांना चार तऱ्हेने दिसतो. वाक्यविन्यासवाला विचारेल, हा सुसंवादाचा, म्हणजे कर्त्याशी जुळवून घेणारा, प्रत्यय आहे की क्रियापदाला चिकटून बसलेला सर्वनामाचा तुकडा? समाजभाषावैज्ञानिक वय, गाव, शिक्षण विचारेल. स्वनविज्ञानवाली, म्हणजे उच्चारांची अभ्यासक, म्हणेल, खरंच गळाला का, की ध्वनिमुद्रणात त्याची पुसट घासण उरली आहे? संगणकीय बाजूचा माणूस बघेल की "स" नसताना त्याच्या यंत्राला कर्ता ओळखता येतो का. चौघांच्या परिषदा वेगळ्या, भाषा वेगळी आणि पुरावा म्हणून काय चालतं तेही वेगळं. अगदी चांगलं काम चुकीच्या दारात नेलं तर "रोचक आहे, पण आमच्या कक्षेत बसत नाही" असा शेरा घेऊन परत येतं.

कोणतं दार?

या क्षेत्रातल्या परिषदांची नावं म्हणजे आद्याक्षरांचं जंगल आहे. सगळी पाठ करायची गरज नाही, मुख्य पायवाटा ओळखता आल्या तरी पुरे.

सर्व शाखांना जागा देणाऱ्या मोठ्या परिषदांमध्ये लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे एलएसए, या १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन येतं. ते जानेवारीच्या सुरुवातीला भरतं. युरोपात सोसिएतास लिंग्विस्टिका युरोपेआ, म्हणजे एसएलई, ही १९६६ पासूनची संस्था आहे. तिची परिषद ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये असते आणि ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचे छोटे गोषवारे, साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत मागवले जातात. आंतरराष्ट्रीय भाषावैज्ञानिक काँग्रेसही जुनी. ती पहिल्यांदा १९२८ साली द हेगला भरली, साधारण पाच वर्षांनी एकदा होते, आणि एकविसावी २०२४ मध्ये पोलंडमधल्या पोझ्नानला झाली.

वाक्यविन्यास आणि अर्थविचाराच्या औपचारिक, म्हणजे भाषेचे नियम काटेकोर सूत्रांत मांडणाऱ्या, परंपरेत काम करत असाल तर ग्लो, नेल्स आणि विकफल ही नावं कानावर येतीलच. समाजभाषाविज्ञानात एनवेव ही १९७२ पासून चालत आलेली परिषद भाषिक विकल्पांना, म्हणजे आपल्या गळणाऱ्या "स"सारख्या गोष्टींना, वाहिलेली आहे. स्वनविज्ञानाची जागतिक काँग्रेस दर चार वर्षांनी असते. भाषांचे प्रकार आणि तुलना यासाठी एएलटी, ऐतिहासिक भाषाविज्ञानासाठी आयसीएचएल, भाषांच्या दस्तऐवजीकरणासाठी हवाईची आयसीएलडीसी. दक्षिण आशियाई भाषांवर काम करणाऱ्यांना साला आणि फासल या दोन परिषदा जवळच्या. तिथे "मराठीत कर्त्याला ने लागतो, पण मी आणि तू यांना लागत नाही" हे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही, वीसपैकी पाच मिनिटं वाचतात.

संगणकीय बाजू म्हणजे निराळंच गाव, आणि नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. भाषाविज्ञानाच्या इतर शाखांत परिषदेला एक-दोन पानांचा ॲब्स्ट्रॅक्ट जातो, त्यावर निवड होते आणि खरं वजन असतं ते पुढे नियतकालिकात छापून येणाऱ्या लेखाला. एसीएल, ईएमएनएलपी अशा संगणकीय परिषदांत पूर्ण लिहिलेला पेपरच पाठवावा लागतो: मोठा असेल तर आठ पानं, छोटा असेल तर चार, संदर्भ वेगळे. तो स्वीकारला गेला की तेच तुमचं प्रकाशन. परीक्षणही त्याच तोलाचं असतं. एसीएलच्या मुख्य परिषदेतून साधारण चारपैकी तीन पेपर परत जातात. स्वनविज्ञानाची काँग्रेस यांच्या मधोमध बसते, तिला चार पानांचा पेपर लागतो. म्हणून "परिषदेत पेपर झाला" हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं, कोणत्या गावातली परिषद?

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला मोठ्या परिषदेच्या मुख्य सत्रामागे लागू नका. मोठ्या परिषदांच्या आगेमागे छोट्या कार्यशाळा असतात, एकाच विषयावरच्या, तीस-चाळीस माणसांच्या. तिथे तुमच्या "स"वर खरोखर विचार केलेली चार माणसं एका खोलीत सापडतात. विद्यार्थ्यांच्या परिषदाही आहेत. युरोपातली कॉन्सोल ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली. एसीएलमध्ये विद्यार्थी संशोधन कार्यशाळा असते आणि तिथे पेपर पाठवण्याआधी एखाद्या अनुभवी संशोधकाकडून तो वाचून घेण्याची सोयही असते. एवढी चांगली सोय असून नवे लोक ती वापरत का नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

परिषदांची निमंत्रणं, ज्यांना सगळे नुसतं "कॉल" म्हणतात, शोधण्यासाठी लिंग्विस्ट लिस्ट ही १९९० पासून चालू असलेली सेवा पुरेशी आहे. तिथे शाखेप्रमाणे आणि भाषेप्रमाणे गाळणी लावता येते. पण कॉलपेक्षाही उपयोगी कागद म्हणजे त्या परिषदेचा मागच्या वर्षीचा कार्यक्रम. तो उघडा, शीर्षकं वाचा, दोन-चार ॲब्स्ट्रॅक्ट उतरवून घ्या. तुमचं शीर्षक त्या यादीत सरकवून पाहिल्यावर विजोड दिसतंय का, हे पाच मिनिटांत कळतं.

ॲब्स्ट्रॅक्ट

सगळा जीव इथे ओता. तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठातले, कितव्या वर्षाला, यातलं काहीच परीक्षकाला दिसत नाही. बहुतेक ठिकाणी परीक्षण निनावी असतं. नव्या माणसाला याइतकं सोयीचं काही नाही, कारण तुमची दोन पानं आणि नामवंत प्राध्यापकांची दोन पानं एकाच गठ्ठ्यात पडतात.

आधी नियम. औपचारिक परंपरेच्या परिषदांत उदाहरणांसकट दोन पानं, बारा टंकाचा मजकूर आणि चारी बाजूंना एक इंच समास, अशी अट सर्रास असते. एसएलईमध्ये मर्यादा ५०० शब्दांची आहे. मर्यादा ओलांडली तर ॲब्स्ट्रॅक्ट न वाचता बाजूला पडू शकतो, आणि समास चोरून जागा केलेली परीक्षकाला लगेच कळते, कारण तो स्वतःही कधीतरी ते करून बसलेला असतो. दुसरा नियम लोकांच्या लक्षात येत नाही: एका व्यक्तीला सहसा एक एकट्याचा आणि एक संयुक्त, एवढेच ॲब्स्ट्रॅक्ट पाठवता येतात. गाइडचं नाव सहलेखक म्हणून घालण्याआधी त्यांना विचारा, त्यांची जागा आधीच कोणी घेतलेली असू शकते.

निनावी म्हणजे खरोखर निनावी. "मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे" असं लिहिलं की ओळख उघडी पडली. पीडीएफ फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव आपोआप बसलेलं असतं, ते पुसा. फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव ठेवणारेही मी पाहिले आहेत.

आता मजकूर. माझ्या पहिल्या ॲब्स्ट्रॅक्टचं अर्धं पान "भाषा हे संवादाचं साधन आहे" या धर्तीच्या प्रस्तावनेत गेलं होतं आणि नवीन काय ते शेवटच्या तीन ओळींत. परीक्षकाने एकच ओळ लिहिली: लेखिकेचं म्हणणं काय आहे ते कळलं नाही. त्याचं बरोबर होतं. परीक्षकापुढे असे दहा-बारा ॲब्स्ट्रॅक्ट असतात आणि तो रात्री जेवण उरकून ते वाचायला बसलेला असतो. पहिल्या चार ओळींत त्याला कोडं दिसलं पाहिजे.

आपल्या उदाहरणात ते असं होईल: मराठीत पूर्ण झालेल्या क्रियेच्या सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाशी आणि द्वितीय पुरुषी कर्त्याशीही जुळतं, बोलीभाषेत यातला दुसरा सुसंवाद गळतो, तो कुठे गळतो याला नियम आहे, आणि तो नियम अमुक आहे असं माझं म्हणणं आहे. झालं. लगेच उदाहरणं. त्यानंतर या उदाहरणांचा सोपा खुलासा कोणता आणि तो का पुरत नाही. मग तुमचा खुलासा. शेवटी या खुलाशातून पुढे आणखी काय खरं ठरायला हवं, आणि ते पडताळून पाहिलं का. पडताळणी अर्धी झाली असेल तर तसं सरळ लिहा: "आतापर्यंत बारा भाषकांची मुद्रणं झाली आहेत, परिषदेपर्यंत तीस होतील." हे चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे "परिषदेत निष्कर्ष मांडले जातील" हे वाक्य. निष्कर्ष काय असेल याचा अंदाजही न देणारा ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे कोरा चेक, आणि परीक्षक त्यावर सही करत नाहीत.

उदाहरणं लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे: लाइपझिग ग्लॉसिंग नियम. नियम दहाच आहेत आणि एका बैठकीत वाचून होतात. पहिल्या ओळीत मूळ वाक्य, दुसऱ्या ओळीत त्याखाली तुकड्याला तुकडा जोडून अर्थ, तिसऱ्या ओळीत मोकळं भाषांतर. "वाचलीस" मग असं फुटतं: वाच-ल-ई-स, आणि खाली वाच-पूर्ण-स्त्रीलिंगी एकवचन-द्वितीय पुरुष एकवचन. वरच्या ओळीत जितक्या आडव्या रेघा तितक्याच खालच्या ओळीत हव्यात. क्षुल्लक वाटेल, पण रेघा जुळल्या नाहीत की परीक्षक तुमच्या विश्लेषणाकडेही संशयाने बघू लागतो. आंतरराष्ट्रीय परिषदेत वाक्य रोमन लिप्यंतरात द्यावं लागतं. लिप्यंतराची एकच पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

पाठवण्याआधी दोघांना वाचायला द्या. एक तुमच्या शाखेतला, दुसरा शाखेबाहेरचा. "यात म्हणणं काय आहे?" एवढंच विचारा. दुसऱ्याला ते एका वाक्यात सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

तारखा उलट्या मोजा

परिषदेच्या तारखेपासून मागे मोजत या. ॲब्स्ट्रॅक्टची मुदत बहुधा परिषदेच्या पाच ते आठ महिने आधी असते आणि निकाल येतो मुदतीनंतर दोन-तीन महिन्यांनी. व्हिसा लागणार असेल तर निकाल आणि परिषद यांच्यातला काळ जेमतेम पुरतो. स्वीकृतीचा मेल आला की त्याच दिवशी आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागायचं. लाजायचं काही कारण नाही, ते अशी पत्रं ढिगाने देतात.

आणि माणसांचं बोलणं मुद्रित करणार असाल तर सगळ्यांच्या आधी एक पायरी येते. ज्यांचं बोलणं घेणार त्यांची समजून-उमजून दिलेली संमती, आणि संस्थेत नीतिसमिती असेल तर तिची परवानगी. समितीला महिने लागू शकतात, आणि डेटा गोळा झाल्यावर मागच्या तारखेने परवानगी मिळत नाही. चांगला डेटा हातात असून तो मांडता न आलेली माणसं मला माहीत आहेत.

पैशाचं कोडं बहुतेकांना अडवतं. विद्यार्थ्यांचं शुल्क कमी असतं, लवकर नोंदणी केली की आणखी कमी. मोठ्या परिषदा विद्यार्थ्यांना प्रवासमदत देतात, पण त्या अर्जाची मुदत वेगळी असते आणि कधीकधी निकालाआधीच संपते. स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसलात किंवा सत्रात माइक फिरवलात तर अनेक ठिकाणी शुल्क माफ होतं. शिवाय टेबलावर बसणाऱ्याला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि चेहरा जुळवता येतो, हा फायदा वेगळाच. काही परिषदांत दूरस्थ सादरीकरणही चालतं. ते चालवून घ्यावं, पण चहाच्या सुट्टीतल्या गप्पा पडद्यावरून होत नाहीत.

फसव्या परिषदा

तुमचा पहिला लेख कुठेही प्रसिद्ध झाला की गोडगोड मेल सुरू होतात: "आपल्या थोर योगदानाने आम्ही प्रभावित झालो." खुणा ठरलेल्या. भाषाविज्ञान, व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि औषधशास्त्र एकाच छत्राखाली. ॲब्स्ट्रॅक्ट पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकृती, शेरा एकही नाही, शुल्काचा दुवा मात्र ठळक. कार्यक्रम समितीतली नावं शोधून बघा. त्या माणसांच्या स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का? आणि साधा प्रश्न: तुम्ही ज्यांचे लेख वाचता त्यांपैकी कोणी इथे कधी गेलंय का? नसेल तर पैसे वाचवा.

नकार आला तर

येतोच. नकारासोबत बहुधा दोन-तीन परीक्षकांचे शेरे येतात आणि तेवढ्यासाठीही पाठवणं वसूल होतं. शेरे पहिल्या दिवशी वाचू नका म्हणून काही होत नाही, वाचालच. आठवड्याने पुन्हा वाचा. दोन परीक्षकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर दुखणं तिथेच आहे. एकाने "अमुक पर्यायी विश्लेषणाचा विचार केला नाही" असं लिहिलं असेल तर तो तुमच्या पुढच्या ॲब्स्ट्रॅक्टचा तिसरा परिच्छेद झाला. दुरुस्त करून पुढच्या परिषदेला पाठवणं पूर्णपणे रीतीला धरून आहे. एकच ॲब्स्ट्रॅक्ट एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवण्याआधी मात्र दोन्हीकडचे नियम वाचा. भाषाविज्ञानाच्या काही परिषदांत चालतं, संगणकीय परिषदांत पूर्ण पेपरच्या बाबतीत बहुधा नाहीच.

पोस्टर की भाषण

स्वीकृतीत "पोस्टर" लिहून आलं की अनेकांचा चेहरा पडतो. माझा अनुभव उलटा आहे. भाषणात वीस मिनिटं तुम्ही बोलता आणि प्रश्नांना पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यातली तीन एखादा ज्येष्ठ स्वतःच्याच लेखाबद्दल बोलण्यात घालवतो. पोस्टरपुढे दीड-दोन तास उभं राहायचं असतं, आणि येणारा प्रत्येक जण तुमच्याच "स"बद्दल बोलायला आलेला असतो. अर्धवट कामाला याहून चांगली जागा नाही.

पोस्टर बहुधा ए-शून्य आकाराचं असतं, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं हे आयोजकांच्या सूचनेत बघा. आडव्या फळीवर उभं पोस्टर लटकताना फार केविलवाणं दिसतं. कापडावर छापून घेतलं तर घडी करून बॅगेत बसतं. मजकूर निम्मा करा, मग पुन्हा निम्मा करा. कोडं, तीन-चार उदाहरणं, एक तक्ता आणि एक ठळक वाक्य. दोन मिनिटांत सांगायचं रूप आणि दहा मिनिटांत सांगायचं रूप अशी दोन्ही घरी बोलून बघा.

भाषण असेल तर हँडआउटची, म्हणजे श्रोत्यांना उदाहरणांचा छापील कागद वाटण्याची, प्रथा लक्षात ठेवा. वाक्यविन्यास आणि अर्थविचारात ती अजून जिवंत आहे. उदाहरणांना क्रमांक द्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला "सातव्या उदाहरणात कर्म बहुवचनी केलं तर?" असं विचारता येतं. असे प्रश्न येणारच, म्हणून चार-सहा जास्तीची वाक्यं खिशात ठेवा. आपल्या बाबतीत "तू पत्रं वाचलीस", "तुम्ही पत्र वाचलंत", "तू येतोस" ही हाताशी हवीत. वर्तमानकाळातही "स" गळतो का, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारणारच. तो गळत नसेल तर दोन्ही "स" एकच आहेत का, हा नवा प्रश्न तुम्हाला फुकट मिळाला.

उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि काय करून ते तपासाल तेही सांगा. मित्राला मागच्या रांगेत बसवून प्रश्न लिहून घ्यायला लावा. व्यासपीठावरून उतरल्यावर तुम्हाला त्यातला एकही आठवणार नाही.

परिषदेपलीकडच्या वाटा

गाइड नाही, विभाग नाही, विषयाची धड ओळखही नाही, अशा माणसाने उन्हाळी शाळेपासून सुरुवात करावी. तर्कशास्त्र, भाषा आणि संगणन यांची युरोपीय उन्हाळी शाळा, म्हणजे एस्ली, १९८९ पासून भरते आहे. ती दोन आठवडे चालते आणि तिथे विद्यार्थ्यांचं स्वतःचं सत्रही असतं. एलएसएचं इन्स्टिट्यूट १९२८ साली सुरू झालं, आता ते एक वर्षाआड भरतं. ज्यांची पुस्तकं वाचली ती माणसं तिथे सकाळच्या वर्गात फळ्यापुढे उभी दिसतात. दोन्हींसाठी शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांच्या मुदती शाळेच्या कित्येक महिने आधी संपतात.

दुसरी वाट म्हणजे कुणाच्या तरी प्रकल्पात हातभार लावणं. मुद्रणं ऐकून लिहून काढणं, वाक्यांना खुणा लावणं, प्रयोगासाठी लोक जमवणं. कंटाळवाणं काम आहे आणि भाषेकडे बघायला तेच शिकवतं. प्राट (आवाजाच्या विश्लेषणासाठी) आणि एलान (मुद्रणांना टिपणं जोडण्यासाठी) ही दोन संगणकीय साधनं मोफत आहेत. ती आधीच येत असतील तर तुमच्या मेलला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मेल लिहिताना "मला भाषाविज्ञानाची आवड आहे" याऐवजी "तुमच्या अमुक लेखातल्या अमुक तक्त्यात मला हे दिसलं, आणि मला एलानमध्ये काम करता येतं" असं लिहा. सहा ओळी पुरतात.

कोणाचीही परवानगी न घेता सुरू करण्यासारखं कामही आहे. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या प्रकल्पात शेकडो वृक्षकोश, म्हणजे व्याकरणाच्या खुणा लावलेले वाक्यसंग्रह, खुले आहेत आणि वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघते. त्यातला मराठीचा वृक्षकोश पाचशेही वाक्यांचा नाही. एका माणसाने चिकाटीने भर घातली तर फरक दिसेल अशी ही जागा. संगणकीय बाजूला सेमइव्हलसारख्या सामायिक स्पर्धा असतात. प्रश्न आणि डेटा आयोजक देतात, तुम्ही उत्तर देणारी यंत्रणा बनवता आणि ती कशी बनवली यावर छोटा पेपर लिहिता. प्रश्न शोधण्याचं ओझं नाही, म्हणून पहिल्या पेपरला ही वाट सोपी. भाषिक साधनसंग्रहच तयार केला असेल तर एलरेक ही परिषद त्यासाठीच आहे.

शाळेतल्या मुलांनीही मागे राहायचं कारण नाही. २००३ पासून आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड होतं. त्यात कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली वाक्यं आणि त्यांची भाषांतरं देऊन नियम शोधायला लावतात. आधीची माहिती लागत नाही, चिकित्सक डोकं लागतं.

संकटात असलेल्या भाषेचं दस्तऐवजीकरण करायचं असेल तर ईएलडीपी हा २००२ पासूनचा निधी-कार्यक्रम बघा. अर्जदार कुठल्या देशाचा असावा याची अट नाही, पण यजमान संस्था लागते आणि गोळा केलेली सामग्री संग्रहात जमा करावी लागते. अशा अर्जात समाजाशी तुमचं नातं काय, परवानगी कशी घेणार, मुद्रणं कुणाला ऐकता येतील हे प्रश्न सिद्धान्तापेक्षा कमी महत्त्वाचे नसतात. मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात करा. एमपी-थ्रीमध्ये आवाजाचा जो भाग कापला जातो तो नंतर परत आणता येत नाही, आणि गळणारा "स" शोधताना नेमका तोच लागतो.

पीएचडीचं गणित दोन तऱ्हेचं आहे. युरोपात अनेक जागा नोकरीसारख्या जाहीर होतात. प्रकल्प ठरलेला, पगार ठरलेला, आणि अर्जात तुम्ही त्या प्रकल्पाला कसे जुळता ते सांगायचं. अमेरिकेत विभागाकडे प्रवेशाचा अर्ज करायचा, मुदत बहुधा डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला, आधी वर्ग आणि अध्यापनात मदत, विषय नंतर पक्का होतो. दोन्हीकडे शिफारसपत्रं लागतात, सहसा दोन-तीन. पोस्टरपुढे तुमच्याशी अर्धा तास वाद घातलेला माणूस पुढे त्यातलं एखादं पत्र लिहू शकतो.

परत आल्यावर

पहिल्याच आठवड्यात, आठवणी ओल्या असताना, तीन कामं करा. मित्राने लिहून घेतलेले प्रश्न टंकून काढा आणि प्रत्येकापुढे "तपासता येईल", "डेटा हवा" किंवा "कळला नाही" यातलं एक लिहा. पोस्टर किंवा हँडआउट स्वतःच्या पानावर ठेवा. वाक्यविन्यास, अर्थविचार आणि ध्वनिव्यवस्थेचे लोक लिंगबझ या संग्रहावर मसुदे ठेवतात, संगणकीय लोक अर्काइव्ह (arXiv) या संग्रहावर. पण पुढे ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा आहे त्याचा मसुद्यांबद्दलचा नियम आधी वाचून घ्या.

तिसरं काम म्हणजे ज्यांच्याशी खरं बोलणं झालं त्यांना मेल. लांबलचक आभार नकोत. "वर्तमानकाळातला स गळतो का असं तुम्ही विचारलं होतं. परत येऊन आठ जणांचं बोलणं पुन्हा ऐकलं, तक्ता सोबत जोडला आहे. तिसऱ्या ओळीतली दोन उदाहरणं मला समजत नाहीत, तुम्हाला काय वाटतं?" एवढं पाठवा. उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने. महिनाभराने एकदा आठवण करायला हरकत नाही.